बोटाला कळणारा टाका

या, जरा पुढे सरकून बसा. बुवा अजून पागोटं बांधताहेत, पखवाजाला कणीक लावायचं चाललंय. तेवढ्यात राहीबाईची गोष्ट सांगून होईल.

राहीबाई चुलीपुढून नवऱ्याकडे बघत होती. लालासाहेब अधू पाय लांब करून सोप्यात बसला होता. पुढ्यात रंगीत चकत्यांचा ढीग. तांबड्या, निळ्या, पांढऱ्या. मातीच्या, बंद्या रुपयापेक्षा थोड्या मोठ्या. गोरे लोक पत्त्यांच्या डावात पैशाऐवजी त्या लावतात. पलटणीतला एक साहेब मायदेशी जाताना देऊन गेला होता. लालासाहेब एकेक चकती उचली आणि कानशीने तिच्या कडेला खाच पाडी. मग डोळे मिटून खाचेवरून अंगठा फिरवी आणि गालात हसे. तांबडीला एक, निळीला दोन, पांढरी तशीच.

लढाई अजून चालूच होती, पण पाय गेल्याने तो घरी आला होता. आल्यापासून राहीबाईशी कामापुरतं बोले. डोळे मिटून तिच्या हातावरून काही त्याने कधी अंगठा फिरवला नव्हता.

"कुणाला धाडायच्या ह्या?" तिने विचारलं.

"हाईत एकाच्या."

मग त्याने मांजरपाटाच्या तुकड्यावर शाईने नाव काढलं. पलटणीत शिकलेलं अक्षर. लिहिताना तोंडानं म्हणायची सवय. "अनसूयाबाई. दवाखाना. मिरज."

मिरजेच्या दवाखान्यातच त्याच्या पायाची जखम भरली होती. राहीबाईची भाकरी तव्यावर करपली.

"डब्यात घाला की मग, चांगल्या कल्हईच्या."

"डबा जड व्हतो. टपालाला वजनावर पैसं पडत्यात. अन् नुसत्या बांधल्या तर एकमेकीवर आपटून टवकं उडतील. मेंढराची लोकर घालायची अन् वाकळंगत शिवून टाकायचं. धोंडुकाकीला बोलीव. टाका तिचाच पायजे."

"का? माझा टाका टोचतोय व्हय तुमच्या अनसूयाबाईला?"

लालासाहेब उठला आणि टपालाच्या मोहरेसाठी लाखेची कांडी आणायला काठी टेकत म्हसवडच्या बाजाराला निघून गेला.

कीर्तनात मत्सरावर निरूपण निघालं की राहीबाईची मान सगळ्यांत आधी डोलायची. त्या दुपारी तिने पाटा आडवा केला, वर पाणी शिंपडलं आणि एकेक चकती उभी धरून घासायला घेतली. ज्या खाचांवरून तो अंगठा फिरवत होता, त्याच खाचा. कडा गुळगुळीत झाल्या तेव्हा तिच्या जिवाला गार वाटलं.

धोंडुबाई सुई-दोरा घेऊन आली. शेजारची म्हातारी, वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा हरी लालासाहेबाच्याच पलटणीत होता. आली की तिचं पहिलं विचारणं ठरलेलं, "माझा हरी कसा हाय रं लाला?" आणि लालासाहेब दुसरीकडे बघत म्हणायचा, "झ्याक हाय, काकी."

तिने लोकर पिंजली, कापडाचे कप्पे केले, प्रत्येकात एकेक चकती निजवली. मुंगीच्या पावलासारखा बारीक टाका. लालासाहेब परतला तेव्हा एकच बाजू उघडी राहिली होती. त्याने गाठोडं कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. खूश होऊन त्याने आत बोटं घातली, एक चकती काढली आणि डोळे मिटले.

अंगठा कडेवरून एकदा फिरला. पुन्हा फिरला. त्याने दुसरी काढली, तिसरी काढली.

"खाचा कुणी घासल्या?"

"मी," राहीबाई म्हणाली. "मढवा आता अनसूयेला गुळगुळीत दागिन्यांनी."

"अगं, ती नर्सबाई हाय. तिच्या नावानं धाडायचं, कारण ज्याच्या ह्या हाईत त्याला टपालाची सही करता येत न्हाई. डावात हातात आलेलं पत्तं ती त्याच्या कानात सांगती. डाव तरी त्यानं आपल्या हातानं लावावा म्हणून खाचा पाडल्या मी. आता हरीला तांबडी कुठली, निळी कुठली, कसं कळायचं?"

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, सोप्यात आणखी कोण बसलंय ते.

धोंडुबाईची सुई थांबली होती.

"हरीला दिसत न्हाई व्हय, लाला?"

"त्यानं सिद्धनाथाची आण घातली हुती, काकी. आईला सांगू नगं म्हनला." लालासाहेबाची मान खाली गेली. "मिरजंलाच हाय. जिवाला काय न्हाई. डोळं तेवढं..."

मग राहीबाई उठली. कानस घेऊन आली. नवऱ्याच्या हातात दिली नाही. स्वतःच खाली बसली आणि एक तांबडी चकती मुठीत घट्ट धरून तिच्या कडेला खाच पाडू लागली.

धोंडुबाईने गाठोडं मांडीवर ओढलं. डोळे मिटून आपल्याच शिवणीवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. मग दोरा दातांनी तोडला आणि सगळी शिवण उसवायला घेतली.

"काकी, आवं, चांगलं झालं हुतं की," राहीबाई म्हणाली.

"लय बारीक पडलाय. मोठा घालते. आईचा हाय हे त्याच्या बोटाला लागाया पायजे."

पखवाज लागला बघा. आता मी गप्प बसतो. फक्त एवढं करा: आज वाकळ पांघराल तेव्हा डोळे मिटून तिच्या टाक्यावरून एकदा बोट फिरवा, आणि धोंडुबाईची आठवण काढा.