मोगऱ्याची कुपी

माहनूर सात वर्षांची झाली तरी बसत नव्हती, बोलत नव्हती, तिला दिसतही नव्हतं. आजार जनुकांतलाच, बरा न होणारा. पण शेंद्र्याच्या कंपनीतून करमाडला घरी आला की शफीक मनगटाला मोगऱ्याचं अत्तर लावून लेकीच्या नाकाशी धरायचा. ती खुदकन हसायची, गाल पुढं करायची. मग तो त्या गालावर दाढी घासायचा. परवा घरी येतानाच ट्रकनं त्याला उडवलं, तो जागीच गेला. आज तिसऱ्या दिवसाची जियारत, गेलेल्यासाठी दुआ मागायची, होती. घर बायांनी भरलं होतं. “हिला तरी काय कळतंय? एका परीनं बरंच हाय,” पोरीकडं बघत शफीकची बहीण म्हणाली. आलेल्यांना अत्तर लावायचा रिवाज. तिनं कोनाड्यात हाताला लागली ती कुपी घेतली आणि सगळ्यांच्या मनगटांवर बोट फिरवलं. कुपी शफीकची होती. निघताना एका शेजारणीनं कळवळून माहनूरच्या तोंडावरून हात फिरवला. परवापासून निपचित पडलेली पोर खुदकन हसली. तिनं गाल पुढं केला आणि वाट बघत राहिली. शेजारणीनं घाबरून हात मागं घेतला. दुसरी वाकली. पुन्हा हसू, पुन्हा पुढं केलेला गाल. बहिणीनं हातातल्या कुपीचं बूच घाईनं लावलं. “धुवा गं, हात धुवा सगळ्या!” ती ओरडली. माहनूरची आई जाहेदा भिंतीशी बसली होती. “नको, आपा,” ती हळूच म्हणाली, “राहू द्या. वास उडंल तवा कळंलच तिला.”