ए विंगचा बहिष्कार

रविवार, दिनांक २३ एप्रिल २००६. सकाळचे दहा. विरार पश्चिमेच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात मतदान सुरू झाले. सभासद अठ्ठेचाळीस, अध्यक्षपदाचा उमेदवार एक.

कार्यालयाला दार एकच होते. त्या दारासमोर भालचंद्र खुर्ची टाकून बसले होते.

उमेदवार चंद्रहास बी विंगचे. गेल्या निवडणुकीनंतर त्यांनी दोन्ही विंगना सारखा वेळ पाणी सोडायला लावले. त्याआधी ए विंगला दोन तास आणि बी विंगला अर्धा तास पाणी मिळत असे. दोन्हीकडे चोवीस-चोवीस घरे; तरीही चंद्रहास पंचवीस विरुद्ध तेवीस मतांनी निवडून आले होते. याचा अर्थ ए विंगमधले एक मत फुटले होते. ते कोणाचे, हे भालचंद्रांना अद्याप कळले नव्हते.

म्हणून या वेळी त्यांनी उमेदवारच दिला नाही. संस्थेच्या नियमानुसार एकट्या उमेदवाराला निम्म्याहून अधिक, म्हणजे पंचवीस मते आवश्यक होती. बी विंगची चोवीसच. एक मत कमी पडले की प्रशासक येणार, आणि पाण्याचे जुने वेळापत्रकही येणार. शिवाय ए विंगचा जो माणूस मत टाकायला त्या दारातून आत जाईल, तो आपोआप सापडणार होता.

बहिष्काराचा शब्द घेण्यासाठी भालचंद्रांनी तेवीस दारे वाजवली. चोविसावे त्यांचे स्वतःचे होते.

कल्पना थायलंडवरून सुचली. तीन आठवड्यांपूर्वी तेथील विरोधी पक्षांनी निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. सत्ताधाऱ्यांच्या एकट्या उमेदवारांना कित्येक ठिकाणी किमान मतेही पडली नाहीत. तेथे आजच फेरमतदान होते. भालचंद्रांनी त्या बातमीचे कात्रण सूचनाफलकावर लावले होते.

बी विंगच्या चौथ्या मजल्यावरची सुहासिनी मत देऊन बाहेर आली.

"झालं का मत विकून?" भालचंद्र म्हणाले.

ती थांबली. "काका, तुम्ही पाणी घेतलंत तर तो हक्क. आम्ही मागितलं की विक्री?"

"बादलीभर पाण्यासाठी मत देणाऱ्याला लोकशाही कळत नाही. फलकावर लावलंय, वाच."

"वाचलंय. घरी पेपर येतो आमच्याही. तिथंही शहरातले लोक खेड्यातल्यांना विकाऊ म्हणतात, तेही छापलंय त्यात. तेवढा भाग तुम्ही कापलात."

"आवाज खाली."

"सात वर्षं चार मजले बादल्या चढवल्या मी. तेव्हा तुमच्या कुंड्यांना पाइपानं पाणी चालू होतं. तेव्हाही आमचा आवाज खालीच होता." ती वळली आणि पुन्हा मागे फिरली. "आणि तुमच्या घराच्या सभासद मालनकाकू आहेत. भाषणं मात्र तुमची."

"घर एक, मत एक," भालचंद्र म्हणाले. "आमच्याकडे दोन मतं नसतात."

साडेअकराच्या सुमारास त्यांच्या पत्नी मालनताई गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसल्या. भालचंद्रांनी त्यांना हाक मारली.

"मालन, चहा टाक. आत निवडणूक अधिकारी बसल्या आहेत, विनयाबाई. पाहुण्या आहेत."

"आत नेऊन देऊ? लोक काय म्हणतील?"

"आपण बहिष्कार मतदानावर टाकलाय, माणुसकीवर नाही. त्या चंद्रहासलाही दे एक कप. कळू दे, आपण कोण आहोत ते."

मालनताईंनी ट्रे आत नेला.

त्याच वेळी ए विंगच्या तळमजल्यावरचा सेबॅस्टियन कार्यालयाच्या दिशेने येऊ लागला. भालचंद्र खुर्चीतून उठून त्याच्या आडवे उभे राहिले.

"कुठं?"

"चर्चमधली मिस्सा झाली. आता वटारला, भावाच्या वाडीत. स्कूटर तुमच्या खुर्चीमागं आहे, सर. परवानगी आहे?"

"गेल्या वेळी फुटलेला तूच. माझी खात्री आहे."

सेबॅस्टियनचा चेहरा लाल झाला.

"गेल्या वेळी मी तुमच्याच माणसाला मत दिलं. अठरा वर्षांचा शेजार म्हणून दिलं. आज त्याची लाज वाटते. तेव्हा माझ्या घरात पाणी दोन तास, आणि समोरची बाई चार मजले बादल्या वाहायची. आत जायला पाहिजे खरं तर."

"मग जा. सगळ्यांसमोर जा."

सेबॅस्टियनने दाराकडे पाहिले. वरच्या गॅलऱ्यांत ए विंगची बरीच माणसे उभी होती. त्याने स्कूटरला किक मारली.

"भेकड," भालचंद्र मोठ्याने म्हणाले.

"हो," तो म्हणाला, "आहेच," आणि निघून गेला.

मालनताई मोकळ्या हातांनी बाहेर आल्या.

"वेळ लागला," भालचंद्र म्हणाले.

"चहा गरम होता. थांबले जरा. कप नंतर आणीन."

"बरं केलंस. त्यांना आपलं वागणं दिसायला हवं."

दुपारी चारपर्यंत बी विंगचे सगळे सभासद मत देऊन गेले. भालचंद्रांनी प्रत्येकाला ओळखून मोजले होते : चोवीस. पाच वाजता विनयाबाईंनी मतदान संपल्याचे जाहीर केले. भालचंद्रांनी ए विंगला खाली बोलावले. कोणी पेढेही आणले होते.

"आज सिद्ध झालं," ते म्हणाले, "की आपल्यात फुटीर कोणी नाही. गेल्या वेळची मोजणीच खोटी होती. खोट्या मोजणीवर बसलेला अध्यक्ष आजपासून या संस्थेचा कोणी नाही. उद्याच प्रशासकासाठी अर्ज जाईल."

टाळ्या पडल्या. बी विंगची माणसे भिंतीला टेकून उभी होती. सुहासिनीने मान फिरवली.

भालचंद्र निकाल ऐकायला दाराच्या चौकटीत उभे राहिले. आत मालनताई टेबलावरचे रिकामे कप ट्रेमध्ये ठेवत होत्या. विनयाबाईंनी पेटी उलटी केली, चिठ्ठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि खडू उचलून फळ्यावर लिहिले :

चंद्रहास यांच्या बाजूने मते, पंचवीस.