ठुशीचा दोरा

"मावशी, हात पुढे करा. गळ्याचं काही काम नाही," संशोधनासाठी रक्त घेणारी मुलगी हसून म्हणाली, तेव्हा कुठे शालनच्या लक्षात आलं, की आपण हनुवटी वर करून बसलोय. थायरॉईडचा कॅन्सर म्हणजे गळाच चाचपणार, असं ती धरून चालली होती.

"गाठ हाताला लागायच्या आधी रक्तातली प्रथिनं काही सांगतात का, ते आम्ही शोधतोय," मुलीने समजावलं. "ज्यांच्या घरात कुणाला हा आजार झाला असेल, अशांचं रक्त हवंय."

शालनच्या घरात तो आईला झाला होता. दर गौरीला आई पाटावर बसून मान खाली घालायची, तिच्या अंबाड्यावरच्या शेवंतीचा वास यायचा, आणि शालन मागून ठुशीचा दोरा बांधायची. "शाले, जरा सैल बांध गं," आई म्हणायची. पुढच्या गौरीला आणखी सैल. हळदीकुंकवाला आलेल्या बायका कौतुक करायच्या, "गळा कसा भरलाय! आता खरी शोभते ठुशी." आई लाजायची. शालनला तर वाटायचं, आपली आई वर्षागणिक देखणीच होत चाललीय.

शेवटच्या गौरीला दोरा पुरलाच नाही.

मुलीने शालनच्या दंडाला रबरी पट्टा आवळला. "घट्ट झाला का? सैल करू?"

"नको गं बाई," शालनने मूठ वळली. "सैल करता करताच आमची आई गेली."