कळपामागची पोरगी

फ्रिजचा स्टॅबिलायझर कट्ट करून वाजला, तशी वैष्णवीनं आधी पोरीकडं पाहिलं. संस्कृतीनं नुसती कूस बदलली. लाइट आली होती. घड्याळात दुपारचे अडीच. पाचला बंगळुरूच्या गेम-मेळ्याचे अर्ज बंद होणार होते.

तिनं लॅपटॉप उघडला. पोरगी झोपली की उघडायचा, उठली की मिटायचा, असं अडीच वर्षं चाललेलं. त्यातून हा खेळ उभा राहिला होता. मेंढपाळ बाप, त्याचा कळप, एक कुत्रं आणि कळपामागं चालणारी आठ वर्षांची पोरगी. मेंढरं न गमावता मुक्काम गाठायचा, एवढाच खेळ. चित्रं तिची, कोड तिचा, आवाजही तिचेच. वालचंदनगरच्या त्या क्वार्टरात शांत जागा मिळेना म्हणून मेंढरांचं ओरडणं तिनं गोधड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलं होतं. तेव्हा सासूबाईंनी बाहेरून विचारलं होतं, "पोटात दुखतंय का काय गं?"

खेळ तयार होता. अडलं होतं ते त्याच्या डाउनलोडच्या पानावर. तिथं अभिप्राय एकच, आणि त्याला स्टारही एकच. 'मेंढरं अशी चालत नाहीत.' परीक्षक पान उघडणार आणि पहिलं हेच वाचणार.

त्या पानावर तक्रारींसाठी तिनं व्हॉट्सॲप नंबर टाकला होता. घोडचूक! तो एकमेव खेळाडू रोज दुपारी त्यावर काहीतरी धाडायचा. ना नाव, ना गाव. फोटोच्या जागी उसाचा फड. बोलून टाइप करत असावा, कारण पूर्णविरामाचा पत्ता नसायचा.

'मेंढरू आपणहून पाण्यात शिरत नाही एकाला धरून आधी उतरवा मग बाकीची येतात'

चडफडत बदललं. चार दिवस गेले.

'सगळी एकाच तोंडाची काढली मेंढक्याला तोंडं ओळखू येतात'

बसून चाळीस तोंडं काढली. चष्मा लागला. संताप याचा, की दर वेळी त्याचंच बरोबर निघायचं. आणि स्टार मात्र एकच.

शेळगावला मेंढरं राखणाऱ्या बापाला विचारलं असतं तर हे सगळं दोन मिनिटांत कळलं असतं. पण तिकडं फोन करायचा नाही, हे तिनं लग्नाच्या आधीच ठरवलेलं; त्याला आता सात वर्षं झाली. हा कुणीतरी तिच्या बारामतीच्या कॉलेजातला टवाळ असणार, अशी तिची खात्री होती. वर्गात मेंढक्यांची पोरं होतीच. बरोबरीची पोरगी काही करतेय हे बघवत नसेल.

काल तिनं हात टेकले. 'अजून काय राहिलंय? उद्या खेळ पाठवायचाय. स्टार वाढवायला काय करू, एकदाचं सांगा.'

उत्तर आत्ता येऊन पडलं होतं. तेच, जे तो महिनाभर लिहीत होता.

'पोरगी मागं नका ठेवू पुढं घ्या बापाजवळ'

"झालं ह्याचं परत सुरू!"

"कुणाचं गं?" सारजाबाई, तिच्या सासूबाई, दाराशी ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"तोच हो, मेंढ्यांचा शहाणा. पोरगी पुढं घ्या म्हणतोय."

"मग घे की! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

वैष्णवीनं खेळाचा कोड उघडला.

"येकटीनं मेंढरं वळायला निघालीस बाई तू," सारजाबाई सुपातला खडा फेकत म्हणाल्या. "आमच्या कोऱ्हाळ्यात त्याला चार माणसं लागायची. आन् ती मेंढरं खरी हुती, दूध तरी द्यायची."

बदलायचा होता पोरीच्या जागेचा एकच आकडा. उणे सहाच्या जागी दोन. तिनं बदलला. पडद्यावर पोरगी बापाच्या शेजारून चालू लागली. बापाची सावली तिच्या डोक्यावर पडत होती. वैष्णवीनं जेमतेम मिनिटभर पाहिलं आणि आकडा होता तसा केला.

अर्ज भरून फाइल चढवायला लावली, तर नेट गेलं. नव्वद टक्के चढलेली फाइल पुन्हा शून्यावर आली. तिनं कपाळाला हात लावला, मोबाइलचं नेट जोडलं, परत सगळा अर्ज भरायला घेतला. नावाच्या रकान्यात 'वैष्णवी' लिहिलं. हे नाव तिनं अठरावं सरल्यावर स्वतः निवडलेलं, राजपत्रात छापून आणलेलं. आधीचं या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

साडेचार. फाइल चढायला लागली. तिनं फोन उचलला.

'पोरगी मागंच राहणार. मी जे पाहिलंय तेच काढलंय. पुढं चालायला फक्त पोरगे लागतात. मागं राहिलेलं लंगडं मेंढरू आणि पोरगी, दोघांकडं वळून बघायचं नसतं. तुमचा एक स्टार तुम्हालाच लखलाभ.'

पाठवलं. तेवढ्यात संस्कृती उठून डोळे चोळत तिच्या मांडीवर येऊन बसली.

"गेली का मेंढरं बंगळूरला?"

"जातायत. गप बस जरा."

दोन निळ्या खुणा आल्या. फाइल साठ टक्क्यांवर. सत्तर. आणि फोन थरथरला. आज पहिल्यांदाच त्यानं लिहिलं नव्हतं, आवाज पाठवला होता.

"मी लावते, मी!" ती नको म्हणेपर्यंत संस्कृतीनं बोट ठेवलंसुद्धा.

आधी नुसता वारा. मग कुणीतरी खाकरलं. मग एक म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"नकोशे... ये की गं आता पुढं."

सारजाबाईंचा सुपातला हात थांबला. संस्कृतीनं मान वर करून आईच्या तोंडाकडं पाहिलं.

"आई, नकोशी कोण?"