पडद्यावरच्या ओळी

बुद्धपौर्णिमेला केशोरीच्या विहारात श्रीलंकेचा एक जुना सिनेमा लावला होता. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचून स्नेहल सगळ्यांना मराठीत अर्थ सांगत होती. सिनेमातली घरमालकीण अंगणात आलेल्या एका बाईला पाणी पाजू लागली.

"मालकीण म्हणते, ये बाई, बस," स्नेहलनं सांगितलं.

"खोटं काऊन सांगून राहिली?" तिची आजी कुसुमबाई कडाडली.

स्नेहल जवळ येऊन पुटपुटली, "आजी, बुद्धाचा देश आहे तो. असं कसं सांगू लोकांना? आन् तुले कुठं इंग्रजी येते?"

"इंग्रजी कायले पाह्यजे? हात उंच धरून, वरून तिच्या ओंजळीत पानी ओतून राहिली ते मालकीण. तसंच पानी पेली मी, लगन होयेपर्यंत. ये बाई, बस, असं मले कोनी म्हनलं नाही."