केल्सोचं वचन

"खाटेसकट उचलून नेऊ," डन्फी म्हणाला. "बाहेर चार माणसं उभी आहेत. सभागृहात त्याच्या तोंडून एक नाव वदवून घ्यायचं, की लगेच परत."

लव्हिनिया टॅलमन जिन्याच्या खालच्या पायरीवर आडवी उभी राहिली. "एझ्राला कोणी हलवायचं नाही."

"बाई, केल्सो आज फुटणार! कंपनीवाले त्याला भाजून काढतायत."

"केल्सोनं हात हातात घेऊन वचन दिलंय."

डन्फीनं हॅट मांडीवर आपटली. राज्यातून वॉशिंग्टनच्या सिनेटवर कोण जाणार, हे तेव्हा विधानसभेचे सभासद ठरवत. एका बाजूला तांब्याच्या खाणींच्या कंपनीचा मालक मॅक्रेडी, दुसरीकडे डन्फीच्या पक्षाचे न्यायाधीश होल्कम. दोघांची मतं रोज समसमान पडत होती. होल्कमच्या बाजूचा एक सभासद घाटात, बर्फात अडकलेल्या आगगाडीत होता. एझ्रा टॅलमन न्यूमोनियानं या खानावळीच्या वरच्या खोलीत. आणि मॅक्रेडीच्या बाजूचा ओरिन केल्सो सभागृहात हजर असूनही मत देत नव्हता, कारण त्यानं एझ्राशी जोडी बांधली होती.

ही तिथली जुनी रीत. समोरच्या पक्षातला एकजण आजारी पडला, की या पक्षातल्या एकानं आपलं मत राखून ठेवायचं. कागद नाही, सही नाही. आजारी माणूस उठून आला किंवा देवाघरी गेला, तरच वचन सुटायचं.

"गाडी येईपर्यंत तग धरायला सांग एझ्राला," डन्फी म्हणाला आणि आपली माणसं घेऊन गेला.

डॉक्टर सोमवारी येऊन गेले होते. आता माझ्या हातात काही नाही, म्हणाले, आणि वर खाणीकडे घटसर्पाचे रोगी बघायला गेले. मग रस्ताच बंद झाला. मंगळवारी सकाळी केल्सो आला, एझ्राचा हात हातात घेऊन बराच वेळ बसला. उठताना त्यानंच सांगितलं, "खिडकी उघडी असू द्या. शेगडी पेटवू नका. मोकळी हवा बरी."

त्यानंतर तो वर गेला नाही. रोज दुपारी सूपचं भांडं घेऊन खालच्या दिवाणखान्यात यायचा.

त्या दुपारीही आला. मिशीवर बर्फ, डोळे लाल.

"कसा आहे?"

"शांत आहे."

"सूप गरम आहे." त्यानं भांडं पुढं केलं. "आज मला भर सभेत म्हणाले, केल्सो, तू टॅलमनशी लग्नच का नाही लावत?"

तिला हसू आलं नाही. "आणि मत?"

"दिलं नाही. मग म्हणाले, कंपनीचा डॉक्टर पाठवतो, नाडी बघून येईल."

ती जिन्याच्या बाजूला सरकली.

"मी म्हटलं, मी स्वतः त्याचा हात धरून बसलो होतो. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर पिस्तूल घेऊन बाहेर या." तो खुर्चीत बसला. "बाई, मी कंपनीचा वकील. घर कंपनीचं, चूल कंपनीची. जोडी सुटली तर मला मॅक्रेडीचंच नाव घ्यावं लागेल. नाही म्हणायची माझी छाती नाही."

"मला ठाऊक आहे."

"ल्यूकच्या दफनाला मी आलो होतो," तो हळूच म्हणाला.

ल्यूक हा लव्हिनिया आणि एझ्राचा मुलगा. मॅक्रेडीच्या खाणीत छत कोसळलं तेव्हा खाली होता. त्यानंतर एझ्रानं निवडणूक लढवली ती एवढ्याचसाठी, की त्या माणसाला वॉशिंग्टनला जाऊ द्यायचं नाही.

ती सूप घेऊन वर गेली. दार लावून घेतलं. तिच्या अंगावर दोन शाली होत्या तरी दात वाजत होते. एझ्राच्या उशाशी बसून तिनं सभागृहातली सगळी हकिकत सांगितली. थोड्या वेळानं रिकामं भांडं खाली आणलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. ती खिडकीतून घाटाकडे बघत राही. तिकडे नुसतं पांढरं.

शुक्रवारी इंजिनाची शिट्टी ऐकू आली. तासाभरात सभागृहाची घंटा वाजली आणि डन्फी धापा टाकत खानावळीत शिरला.

"एका मतानं! होल्कम एका मतानं! मला वर जाऊ दे, त्याला सांगतो."

"मी सांगते," ती म्हणाली.

तिनं वर जाऊन सांगितलं. एझ्राचे केस नीट केले, गादीच्या कडेवर बसून राहिली.

खाली आली तेव्हा डन्फी गेला होता. केल्सो दारात उभा होता, आज भांड्याशिवाय.

"मला काढून टाकलं," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत घर रिकामं करायचंय."

"मिस्टर केल्सो, तुम्ही शब्द पाळलात. आता मला तुम्हाला एक सांगायचंय—"

"नका सांगू." त्यानं हॅट काढून छातीशी धरली. "शवपेटी मंगळवारपासून सुताराकडे तयार आहे. मापं मीच दिली."