चौथा बोल्ट

तीन बोल्ट निघाले. चौथा काही हलेना.

रामहरीनं पान्याच्या दांड्यावर हातभर पाईप चढवला आणि सगळ्या अंगाचा भार टाकला. पाना सटकला. बोटांची सालटं निघाली. बोल्ट होता तिथंच होता.

"तात्या, आता जोर नका लावू," बजरंग म्हणाला. "मुंडी तुटली की बसा बोंबलत. ड्रिल मारावं लागंल. त्यात बोल्ट बसतो त्यो इंजिनाचा कान फुटला, तर समदंच भंगारात."

बजरंग लोहारा गावचा मिस्त्री. सकाळपासून जीपच्या पोटात शिरून बसला होता. वर लिंबाच्या फांदीला चेन पुली टांगलेली, साखळ्या इंजिनाला बांधलेल्या. एवढा एक सुटला की इंजिन उचलायचं.

जीप रणधीरची, रामहरीच्या पोराची; तो तिच्यातून गावोगावची माणसं ने-आण करायचा. चार महिन्यांपूर्वी तो गेला, तेव्हापासून ती अंगणात उभी होती. घरात दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती. गावच्या भजनी मंडळाच्या गाडीचं इंजिन बसलं, तेव्हा रामहरी आपणहून म्हणाला, "आमचं घ्या. टाळ-मृदंग घेऊन कीर्तनाला गावोगाव फिरंल. पोराचं कायतरी चालतं राहील." आज सकाळी पान्याला हात घालण्याआधी त्यानं हात जोडले होते. पांडुरंगा, इंजिन तेवढं धड निघू दे. दुसरं काही मागायला सुचलंच नव्हतं.

बोल्ट सैल व्हावा म्हणून डिझेल टाकून झालं होतं. आता रामहरी हातोडीनं बोल्टच्या मुंडीवर हलके ठोके द्यायला बसला. ठोके देता देता हात आपसूक भजनी ठेक्यात पडायला लागला.

"तात्या, बोल्ट हाय त्यो. मृदंग न्हाय," बजरंग हसला.

"मृदंग बरा की रं. थाप मारली की बोलतो तरी."

शेवटी बजरंगनं डिझेल फडक्यानं पुसून काढलं, गॅसची बत्ती पेटवली आणि निळा जाळ बोल्टवर धरला. थोड्या वेळानं धूर निघाला. रामहरीनं मान वर केली. जळक्या ऑइलचा वास नव्हता हा. सप्ताहात कीर्तन संपून माणसं घरोघर गेली की मंडपात एकटी समई विझत असते, तिचा वास.

बजरंगनंही नाक फेंदारलं. "आं? करडीचं त्याल हाय की हे! अवो, हे त्याल तापून तापून डिंकावानी घट्ट होतंय. कोण येडा ओतत व्हता इथं वर्षानुवर्षं?"

"म्या."

दारात रणधीरची आई, कस्तुराबाई उभी होती. हातात चहाची कपबशी. बजरंगनं जीभ चावली.

"दर मंगळवारी," ती म्हणाली. "देवीम्होरच्या समईत उरलेलं. रणधीर सांगायचा, माय, इंजिन ह्या चार पायांवर उभं असतंय. माझा हात ह्या एकाच पायाला पुरायचा. तिथं त्याल घालायची आन आईला मागायची." तिनं कपबशी खाली ठेवली. "ह्येच्यानं काय वंगाळ झालं का रं, बजरंग?"

"न्हाय काकू. न्हाय वो."

त्यानं घाईनं पाना लावला आणि दाबला. कट् असा आवाज आला. बोल्ट फिरला.

आधीचे तीन बोल्ट घमेल्यात पडले होते. गंजानं खाल्लेले, आटे झिजलेले. बजरंगनं हा पाण्यात बुडवून पुसला आणि बघतच राहिला. शेवटच्या आट्यापर्यंत लख्ख. कालच दुकानातून आणावा तसा.

"बघा काकू," तो कौतुकानं म्हणाला. "गंज शिवला न्हाय ह्येला. देवीनं राखली वो तुमची गाडी."

कस्तुराबाईनं तो कोमट बोल्ट पदरात घेतला.

"राखली," ती म्हणाली. "त्या दिवशी बी राखली की. ढोकीच्या चौकात छातीत कळ आली त्याच्या, तर त्यानं गाडी कडंला घेतली. हँडब्रेक वढला. मागची माणसं धड उतरली, आपापल्या गावाला गेली. गाडीवर वरखडा न्हवता."

काहीतरी बोलायला हवं, असं रामहरीला वाटलं. चाळीस वर्षं तो कीर्तनात पहिल्या रांगेत बसत आला होता. गावात कुणाचं माणूस गेलं की तो जायचा, ऐकलेला एखादा दृष्टांत सांगायचा, आणि रडणारं माणूस घटकाभर तरी गप्प व्हायचं. आता त्यानं घमेल्यातला एक गंजका बोल्ट उचलला आणि परत खाली ठेवला.

"अवो," कस्तुराबाई त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "म्या काय मागायची, ठावं हाय? आई, माझ्या लेकराची गाडी धड राहू दे. दर मंगळवारी. गाडी धड राहू दे. लेकराचं मागायचं राहूनच गेलं बघा."

बजरंग उगाच साखळीशी चाळा करत राहिला. मग रामहरीनंच त्याला मानेनं खूण केली.

साखळी करकरली. इंजिन जागचं सुटलं, वर आलं आणि लिंबाखाली हळूहळू झुलायला लागलं. रामहरीनं दोन्ही हात लावून ते थांबवलं. खालून, वरून बघितलं. कुठं तडा नव्हता. इंजिन धड निघालं होतं.

त्यानं हात काढले नाहीत.

कस्तुराबाईनं पदराच्या टोकानं बोल्ट पुन्हा एकदा पुसला आणि बजरंगपुढं धरला.

"मंडळाच्या गाडीत बी ह्यो त्याच पायाला लाव रं," ती म्हणाली. "चांगला हाय अजून."